मृत्युपत्राची शाबिती : पुणे जिल्हा न्यायालयाच्या एका कामाचा इतिहास

न्यायालयाचा इतिहास लिहायचा म्हटले की इमारतीची पायाभरणी, न्यायाधीशांची नामावली आणि गाजलेले फौजदारी खटले एवढ्यावर भागवायची पद्धत आहे. बारामती-इंदापूरच्या वकीलवर्गासाठी लिहिताना आम्ही त्याऐवजी न्यायालयाचे एकच काम निवडले आहे. मेलेल्या माणसाचा कागद त्याचाच आहे, तो शुद्धीत असताना झालेला आहे, हे हयात माणसांच्या तोंडून वदवून घेण्याचे हे काम. कायद्याच्या भाषेत प्रोबेट. पक्षकार आजही विचारतो, "वकीलसाहेब, मृत्युपत्र शाबीत होईल का?"

हा प्रश्न आपल्याकडे अलीकडे वारंवार कानावर येतो, त्याला कारण आहे. औद्योगिक वसाहतीसाठी जमीन घ्यायची म्हणून कलम 'बत्तीस-दोन'ची नोटीस गावात आली की घराघरातल्या पत्र्याच्या पेट्या उघडतात. जी जमीन आजवर भावाभावांत तोंडी वहिवाटीने चालत आली, तिचा मोबदला एका धनादेशाने येणार असतो आणि तो कोणाच्या नावावर काढायचा हे सातबारा एकटा सांगू शकत नाही. मग आजोबांचा, पणजोबांचा एखादा मोडीतला कागद बाहेर येतो. कुठे वाळवी लागलेली असते, कुठे घडीवर फाटलेला असतो. लिहिणारा गेला, साक्षीदार गेले, ज्याला दिले तोही गेला. असा कागद घेऊन माणूस कोर्टाची पायरी चढतो, तेव्हा कोर्ट जे नियम लावते ते एका दिवसात झालेले नाहीत. त्यातल्या काही नियमांची किंमत पुण्याच्याच जिल्हा न्यायालयात चुकती झालेली आहे.

पेशवाई संपल्यावर एल्फिन्स्टनच्या काळात, १८२७ साली, मुंबई इलाख्यासाठी विनियमांचा एक संच तयार झाला. त्यातला आठवा विनियम वारस, मृत्युपत्रातील व्यवस्थापक आणि मालमत्तेचे कारभारी यांना न्यायालयाने रीतसर मान्यता कशी द्यावी, हे सांगणारा. दोनशे वर्षांच्या आसपास वय झालेला हा विनियम आजही जिवंत आहे. वारसदाखल्याच्या अर्जावर आपले कारकून 'बॉम्बे रेग्युलेशन आठ' असे लिहितात तो हाच. कंपनी सरकार गेले, राणीचे राज्य आले आणि गेले, भाषावार राज्य झाले, पण त्या अर्जाचे शीर्षक बदलले नाही. आपल्या न्यायालयांच्या इतिहासात इतकी सलग चालत आलेली दुसरी गोष्ट सापडणे कठीण आहे.

१८६९च्या मुंबई दिवाणी न्यायालय कायद्याने आज ओळखीची वाटणारी उतरंड तयार केली : वर जिल्हा न्यायाधीश, त्यांच्या खाली सहायक न्यायाधीश, मग पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाचे दुय्यम न्यायाधीश. हिंदूंच्या मृत्युपत्रांसाठी १८७०चा कायदा झाला, पण मोफुसिलीतल्या पुणे जिल्ह्यापर्यंत तो पोचला नाही. त्याची हद्द मुंबई आणि मद्रास ही शहरे व बंगालचा काही मुलूख एवढीच होती. भीमथडी आणि इंदापूरच्या माणसाला प्रोबेटचे दार उघडले ते १८८१च्या प्रोबेट कायद्याने. त्याने हे अधिकार जिल्हा न्यायाधीशाकडे दिले. सक्ती मात्र केली नाही. ज्याला हवे त्याने पुण्याला जाऊन प्रोबेट घ्यावे.

त्या काळच्या आपल्या मुलखाकडे पाहिले तर कागद या वस्तूबद्दल लोकांच्या मनात काय होते, हे समजते. १२ मे १८७५ रोजी सुप्यात, म्हणजे आजच्या बारामती तालुक्यात, बाजाराच्या गावी कुणबी जमले आणि त्यांनी सावकारांची खाती, रोखे, गहाणखते हिसकावून जाळली. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात नोंदलेल्या उठावाची ही सुरुवात. त्यांचा राग कागदावर होता, कारण कोर्टात कागदच बोलत होता आणि शेतकऱ्याला तो वाचता येत नव्हता. सरकारने चौकशी समिती नेमली. १८७९ साली पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या जिल्ह्यांसाठी दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. त्याने गावोगाव दस्तनोंदणीची सोय केली आणि न्यायाधीशाला व्यवहाराच्या मुळाशी जायला सांगितले. या कायद्याखालच्या दाव्यांवर देखरेख करण्याचे काम पुढे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी केले. कागदावर अंगठा आहे एवढ्याने भागत नाही, तो कसा घेतला हे विचारावे लागते, ही शिकवण या भागातल्या न्यायालयांना सुप्याच्या शेतकऱ्यांनी दिली असे आम्ही मानतो. मृत्युपत्राच्या कामात पुढे हाच प्रश्न मुख्य ठरला.

नीरा डावा कालवा १८८५च्या सुमारास वाहू लागला आणि बागायतीबरोबर जमिनीला भाव आला. तरीही शेतकऱ्याच्या घरी मृत्युपत्र क्वचितच व्हायचे. एकत्र कुटुंबातल्या सहदायकाला वडिलोपार्जित मिळकतीतला आपला हिस्सा मृत्युपत्राने देता येत नसे. तो मेला की हिस्सा मागे उरलेल्यांकडे जायचा. पाटीलकी-कुलकर्णीच्या वतनांना १८७४च्या वतन कायद्याचे निर्बंध होते. राहिली ती स्वकष्टाची मिळकत, किंवा घरात दुसरा पुरुष हिस्सेदार उरलेला नसेल अशा माणसाची. म्हणून जुन्या कागदांत व्यापारी, सरदार, इनामदार आणि निपुत्रिक माणसे अधिक दिसतात.

असा जुना कागद जवळून पाहण्यासारखा असतो. माथ्यावर श्री. मग लिहून देणाराचे नाव, वय, धंदा, राहणार मौजे अमुक. 'शरीरप्रकृतीचा भरवसा नाही', 'स्वसंतोषाने व अक्कलहुशारीने' ही ठरलेली वाक्ये मोडीच्या सलग ओळीत, लेखणी न उचलता लिहिलेली. खाली सहीच्या जागी निरक्षर शेतकऱ्याचे नाव लेखकाने लिहिलेले असते आणि त्या नावाशेजारी छोटासा नांगर काढलेला असतो. ती नांगराची निशाणी. बाई असेल तर बांगडीची. नंतरच्या काळात तिथे अंगठ्याचा ठसा आला. बाजूला 'साक्ष' म्हणून दोन-तीन नावे आणि शेवटी 'दस्तुर' म्हणून लेखकाचे नाव. १९२७ सालापूर्वी मोफुसिलीतल्या हिंदूच्या मृत्युपत्राला साक्षीदाराची कायद्याने गरज नव्हती. ते तोंडीसुद्धा चालत असे. तरीही आपली माणसे दोन भले गृहस्थ बोलावून साक्षी घालत होती. कायद्याने जे पुढे सक्तीचे केले ते गावाने आधीपासून पाळले होते.

आता पुण्याच्या जिल्हा न्यायालयातल्या त्या प्रकरणाकडे यायला हवे. आमच्या मते मृत्युपत्राच्या कायद्याचा मराठी मुलखातला सगळ्यात मोठा धडा तोच आहे.

पुण्यातले पहिल्या दर्जाचे सरदार वासुदेव हरिहर पंडित ऊर्फ बाबा महाराज ७ ऑगस्ट १८९७ रोजी पटकीने वारले. त्याच दिवशी त्यांनी मृत्युपत्र केले होते. लोकमान्य टिळक त्या वेळी राजद्रोहाच्या खटल्यात आरोपी होते. मुंबईत न्यायमूर्ती बदरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना जामीन देऊन तीनच दिवस झाले होते. अशा माणसाला बाबा महाराजांनी मरणाच्या दारात विश्वस्त नेमले, आणि त्यांच्याबरोबर अमरावतीचे दादासाहेब खापर्डे, कुंभोजकर, नागपूरकर यांनाही. पत्नी सकवारबाई, म्हणजे ताई महाराज, गरोदर होत्या. मुलगा झाला नाही, किंवा होऊन तो जगला नाही, तर विश्वस्तांच्या संमतीने दत्तक घ्यावा आणि तो सज्ञान होईपर्यंत विश्वस्तांनी मिळकत सांभाळावी, असा मृत्युपत्राचा आशय होता.

जानेवारी १८९८ मध्ये मुलगा झाला आणि दोन महिन्यांच्या आत गेला. विश्वस्तांनी पुण्याच्या जिल्हा न्यायालयातून प्रोबेट मिळवले होते. जून १९०१ मध्ये ताई महाराजांना घेऊन मंडळी औरंगाबादला गेली. तिथे पंडित घराण्याच्या निधोणे शाखेतला जगन्नाथ हा मुलगा दत्तक घेतला, असे टिळकांचे म्हणणे. असा दत्तविधी झालाच नाही, असे पुढे ताई महाराजांचे. पुण्याला परतल्यावर मने फाटली. २९ जुलै १९०१ रोजी ताई महाराजांनी प्रोबेट रद्द करावे म्हणून जिल्हा न्यायाधीश अ‍ॅस्टन यांच्याकडे अर्ज केला आणि पुढच्याच महिन्यात कोल्हापूरकडचा बाळा महाराज ऊर्फ श्रीनिवास हा मुलगा दत्तक घेतला.

अर्जातला कायद्याचा मुद्दा साधा आणि वजनदार होता. वडील मेल्यावर जन्मलेला मुलगा जन्मतःच मिळकतीचा मालक झाला. तो गेल्यावर वारसाने मिळकत आईकडे आली. मग मृत्युपत्रात देण्यासारखे काही उरलेच नाही, प्रोबेट निरुपयोगी झाले. यावर दोन्ही बाजूंनी वाद होऊ शकत होता आणि एवढ्यावरच निकाल देता आला असता. पण न्यायाधीश अ‍ॅस्टन तिथे थांबले नाहीत. प्रोबेट ठेवायचे की काढायचे या चौकशीत त्यांनी औरंगाबादच्या दत्तकाची खरीखोटी, टिळकांचे वर्तन, हिशेब, कागद सगळे ओढले. टिळकांची अनेक दिवस उलटतपासणी चालली. ३ एप्रिल १९०२ रोजी प्रोबेट रद्द झाले आणि लगेच टिळकांवर खोटी साक्ष, बनावट कागद वगैरे आरोप ठेवून प्रकरण फौजदारी न्यायालयाकडे पाठवण्यात आले.

प्रोबेट रद्द करण्याचा हुकूम मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी फिरवला. फौजदारी मात्र चालू राहिली. ऑगस्ट १९०३ मध्ये खास मॅजिस्ट्रेट क्लेमंट्स यांनी टिळकांना दीड वर्षाची सक्तमजुरी आणि एक हजार रुपये दंड ठोठावला. अपिलात सेशन्स न्यायाधीश लुकस यांनी ती सहा महिन्यांवर आणली. मार्च १९०४ मध्ये सर लॉरेन्स जेंकिन्स आणि न्यायमूर्ती बॅटी यांनी शिक्षा पूर्ण रद्द केली. मित्राने मरताना टाकलेला शब्द पाळायला गेलेल्या माणसाला त्यासाठी तुरुंगाचे दार पाहावे लागले. राजकारणातल्या शिक्षांपेक्षा हा आरोप टिळकांना अधिक लागला असला पाहिजे, कारण तो त्यांच्या सचोटीवर होता.

दिवाणी दावा वेगळाच चालला. १९०६ साली पहिल्या वर्गाच्या दुय्यम न्यायाधीशाने जगन्नाथाचे दत्तविधान खरे ठरवले. त्या निकालाआधीच ताई महाराज वारल्या होत्या. १९१० मध्ये उच्च न्यायालयात न्यायमूर्ती चंदावरकर आणि हीटन यांनी हा निकाल उलटवला आणि टिळक-खापर्ड्यांच्या साक्षीवर कडक ताशेरे ओढले. टिळक तेव्हा मंडालेत होते. शेवटी २६ मार्च १९१५ रोजी लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने जगन्नाथाच्या बाजूने निकाल दिला. लॉर्ड शॉ यांनी निकालपत्रात खडसावून सांगितले की साक्षीदाराला खोटा ठरवायचे असेल तर ज्या मुद्द्यावर खोटा ठरवायचे तो मुद्दा उलटतपासणीत त्याच्यासमोर ठेवला पाहिजे. त्याला खुलाशाची संधी न देता मागाहून निकालपत्रात खोटेपणाचा शिक्का मारणे न्याय नव्हे. आज बारामतीच्या कोर्टात एखादा तरुण वकील साक्षीदाराला "माझे म्हणणे असे आहे की तुम्ही त्या दिवशी गावात नव्हता" असे विचारतो, तेव्हा हे वाक्य विचारायलाच हवे या शिस्तीमागे पुण्यातल्या एका मृत्युपत्रावरून निघालेला तो निकालही उभा असतो.

या प्रकरणात ताई महाराजांकडे मात्र इतिहासाने पुरेसे पाहिले नाही, असे आम्हांला वाटते. लहान वयात वैधव्य, मूल जाणे, मिळकतीवर परक्यांचा कारभार, आणि दोन बाजूंनी ओढणारे सल्लागार. त्यांची बाजू कायद्याने कितीही कमकुवत ठरो, त्यांचे दुःख खरे होते. टिळकांचा मोठेपणा सांगताना त्यांना खलनायिका करण्याची गरज नाही.

प्रोबेटच्या न्यायालयाने या सगळ्यातून काय घेतले? त्याची हद्द. प्रोबेट देणारा न्यायाधीश मिळकत कोणाची, दत्तक खरा की खोटा, वाटणी झाली की नाही हे ठरवायला बसलेला नसतो. हे मृत्युपत्र मयताने केले का, समजून-उमजून केले का, आणि कायद्याने सांगितलेल्या रीतीने केले का, एवढेच त्याला पाहायचे असते. हद्द अरुंद आहे म्हणूनच निकालाला बळ आहे. एकदा प्रोबेट मिळाले की मृत्युपत्राचा खरेपणा फक्त वादी-प्रतिवादींनाच नव्हे, सगळ्या जगाला बांधतो. त्यासाठीच तर अर्ज आल्यावर जाहीर नोटीस काढतात, न्यायालयाच्या फलकावर लावतात, मिळकतीच्या किमतीबाबत कलेक्टरला कळवतात. कोणी हरकत घेतली तर अर्जाचा दावा होतो आणि साक्षीपुरावा सुरू होतो. मूळ मृत्युपत्र न्यायालयाच्या दप्तरातच राहते. पक्षकाराला शिक्क्यानिशी नक्कल मिळते.

पुढचा काळ झपाट्याने सांगता येईल. १९२५च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने जुने कायदे एकत्र केले. मुंबई शहरात प्रोबेटची सक्ती राहिली, पुणे जिल्ह्यातल्या हिंदूला ती नव्हती. १ जानेवारी १९२७पासून सर्व हिंदू मृत्युपत्रांना सही किंवा निशाणी आणि किमान दोन साक्षीदार आवश्यक झाले. १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने एकत्र कुटुंबातला आपला हिस्साही मृत्युपत्राने देता येऊ लागला, आणि त्यानंतर शेतकऱ्याच्या घरात मृत्युपत्र खऱ्या अर्थाने शिरले.

नोव्हेंबर १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात साताऱ्यात जन्मलेले न्यायमूर्ती प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांनी व्यंकटाचल अय्यंगार प्रकरणाचा निकाल लिहिला. मृत्युपत्रावरचा हा निकाल आजही प्रत्येक वकिलाच्या तोंडी असतो. करणारा माणूस सांगायला हजर नाही, म्हणून संशयाच्या प्रत्येक जागेचे निरसन मृत्युपत्र पुढे आणणाऱ्याने केले पाहिजे. ज्याने मृत्युपत्र करून घेण्यात पुढाकार घेतला त्यालाच मोठा लाभ होत असेल तर न्यायालयाने अधिक डोळसपणे पाहिले पाहिजे. सुप्याच्या शेतकऱ्याने कागदाबद्दल जे सोसले होते, त्याचे उत्तर या निकालात सापडते, असे आम्हांला मनापासून वाटते.

जुन्या कागदाबाबत एक गैरसमज आपल्या भागात फार पसरलेला आहे. तीस वर्षांपूर्वीचा दस्त योग्य ठिकाणाहून आला तर तो खरा मानता येतो, असा पुराव्याच्या कायद्यातला नियम आहे. पक्षकार म्हणतात, आमचे मृत्युपत्र साठ वर्षांचे आहे, आता सिद्ध काय करायचे? तो नियम मृत्युपत्राला लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये भरपूर सिंग प्रकरणात हे स्पष्ट केले आहे. साक्षीदार हयात असेल तर निदान एकाला उभे करावेच लागते. सगळे गेले असतील तर त्यांची सही किंवा हस्ताक्षर ओळखणारा माणूस आणावा लागतो. मृत्युपत्र नोंदवलेले आहे म्हणून ते आपोआप शाबीत होत नाही, हेही पुष्कळांना माहीत नसते. मृत्युपत्राची नोंदणी ऐच्छिक आहे, पण ती केल्याने पुढे पुराव्याला आधार मिळतो.

पूर्वी यासाठी इंदापूरच्या माणसाला पुणे गाठावे लागे. आता बारामतीत जिल्हा व अतिरिक्त सत्र न्यायालय आहे. मुंबई दिवाणी न्यायालय कायद्याप्रमाणे उच्च न्यायालय वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांनाही हे अधिकार देऊ शकते. १८८१ साली जे दार पुण्यात उघडले ते आता जवळ आले आहे. पण जवळ आलेल्या दारात जाताना हातात काय असते, हे पक्षकाराच्या घरी ठरते.

म्हणून वाचकांना विनंती. घरात मोडीतले जुने मृत्युपत्र असेल तर मोबदल्याची नोटीस येण्याची वाट पाहू नका. जाणकाराकडून त्याचे देवनागरी लिप्यंतर आताच करून घ्या, मूळ कागद लॅमिनेट करू नका, चिकटपट्टी लावू नका, तो कोणाकडून कोणाकडे आला हे लिहून ठेवा. आणि स्वतःचे मृत्युपत्र करणार असाल तर साक्षीला आपल्यापेक्षा वयाने लहान, गावातच राहणारी, ज्यांना त्या मिळकतीतून काहीही मिळणार नाही अशी दोन माणसे बोलवा, आणि ती कोण आहेत हे मुलांना सांगून ठेवा.